फानचा निवाडा

“...आणि फानला गुडघ्यांवर बसवायचं कुणी ठरवलं?” पंग गुरुजींनी विचारलं.

“मी,” च्याशू म्हणाला.

गुरुजी सुपातल्या तेलबिया निवडत होते. मान वर न करता ते नुसतं “हं” म्हणाले.

च्याशूला त्या हुंकाराचा रागच आला. एवढी मोठी बातमी सांगायला तो गावातून टेकडी चढून आला होता, आणि म्हाताऱ्याचं लक्ष खड्यांत.

बातमी खरोखरच मोठी होती. हुनान प्रांतातलं शिमन हे गाव पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमीनदार घराण्याच्या मुठीत होतं. घराणं राहायचं शहरात. गावात त्याचा शब्द चालवायचा तो कारभारी फान. फान म्हणेल ती पूर्व दिशा. पण त्या हिवाळ्यात वारं फिरलं. चीनमध्ये साम्यवादी पक्ष निघून जेमतेम पाच वर्षं झाली होती, तरी त्याची माणसं खेड्यापाड्यांत शिरून शेतकरी संघ उभे करत होती. शिमनचा संघ उभा केला तो च्याशूनं. जमीनदाराचे पाठीराखे रातोरात पळाले. फान तेवढा हाती लागला.

च्याशू इथल्याच कुंभाराचा मुलगा. अक्षरं गिरवली ती पंग गुरुजींच्या हाताखाली. ज्या मासिकानं त्याच्या डोक्यात वादळ उठवलं, तेही त्याच्या हाती पहिल्यांदा ठेवलं गुरुजींनीच. पुढे तो शहरात गेला, गिरणीतल्या कामगारांना शिकवू लागला, पक्षात शिरला. गुरुजी मात्र शाळा बंद पडल्यावर टेकडीवरच्या ओसाड मठात येऊन राहिले होते.

“उद्या सकाळी सभा आहे,” च्याशू म्हणाला. “फानचं काय करायचं ते उद्या ठरेल. तुम्ही पुढे येऊन बसा. गाव तुम्हाला मानतं. तुम्ही नुसती मान हलवलीत, तरी कुणाचा हात कचरणार नाही.”

“हात कचरावा असं काय करायचं आहे?”

च्याशूनं नजर सुपाकडे वळवली.

बिया सुपात खुळखुळत राहिल्या.

“भावासाठी?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“हा माझ्या एकट्याचा प्रश्न नाही, गुरुजी. हा दोन वर्गांमधला झगडा आहे. कालपर्यंत दाबणारे आणि कालपर्यंत दबलेले...”

पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. पण आवाज मध्येच फाटला.

भावाचं नाव च्याली. एका सरदाराची फौज गावाजवळ तळ देऊन होती, तिला माणसं हवी होती. कुणाची पोरं द्यायची ते फाननं ठरवलं. च्यालीचं नाव कळताच बाप धावत फानच्या अंगणात गेला. गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. फान खुर्चीत बसून चहा पीत होता. चहा संपेपर्यंत त्यानं बापाला तसंच राहू दिलं. मग म्हणाला, “पोरगा जाईल.”

च्याली गेला तो गेलाच.

“बाबा जमिनीवर होते तेव्हा मी फाटकात उभा होतो,” च्याशू म्हणाला. “तेव्हाच मी ठरवलं...”

“काय ठरवलंस?”

“या गावात माणूस माणसापुढे गुडघे टेकणार नाही.”

हेच वाक्य तो प्रत्येक सभेत बोलायचा. देवळाच्या भिंतीवर तांबड्या रंगात त्यानं ते स्वतः लिहिलं होतं.

गुरुजींनी सूप बाजूला ठेवलं. कमरेवर हात देऊन ते कसेबसे उठले, च्याशूच्या समोर आले, आणि काही कळायच्या आत त्यांनी खाली बसून गुडघे टेकले. पिकलं डोकं फरशीला लावलं.

गुरूनं शिष्यापुढे? त्या मुलखात असं कधी कुणी ऐकलंही नव्हतं. तो धडपडत पुढे झाला. सूप लवंडलं, बिया चहूकडे पांगल्या.

“गुरुजी! हे काय करताय? उठा!”

गुरुजी उठले नाहीत.

“फानला वाचवायचं आहे का तुम्हाला? सोडतो मी त्याला, आत्ता सोडतो! पण आधी उठा!”

“मी फानसाठी नाही बसलो.”

“मग काय हवं आहे?”

“काही नको. बघतो आहे.”

“काय?”

“इथून तू किती उंच दिसतोस ते.”

च्याशूचे हात जागच्या जागी थांबले...

सकाळचं सगळं त्याला आठवलं. लोकांनी फानला खाली दाबलं तेव्हा च्याशूच्या पोटात काहीतरी गोड, गरम असं उतरलं होतं. मग तांगआजी गर्दीतून पुढे आली होती. तिचे दोन्ही मुलगे फाननं फौजेला दिले होते. ती रडत रडत च्याशूच्या पायांवर पडली आणि म्हणाली, “मालक! देव होऊन आलात हो तुम्ही, मालक!” आजवर गावात ‘मालक’ म्हणत ते फक्त फानला.

आजीला त्यानं उठवलं होतं. पण लगेच नाही.

तो गुरुजींच्या समोर फरशीवर बसला. दोघंही खाली, मध्ये सांडलेल्या बिया.

“सकाळी वाटलं मला,” तो म्हणाला. “उंच.”

“हं.”

त्याच्या खांद्याचा आधार घेऊन गुरुजी उठले आणि बिया गोळा करू लागले.

“उद्या मी येणार नाही,” ते म्हणाले. “माझी मान दुखते आहे.”

दुसऱ्या दिवशी जमीनदाराच्या पूर्वजांच्या देवळाचं अंगण माणसांनी फुलून गेलं. ज्यांना त्या देवळाच्या पायऱ्या कधी चढू दिल्या नव्हत्या, ती माणसं कुदळी-फावडी घेऊन आत उभी होती. च्याशू ओट्यावर चढला.

फानला आणलं. डोक्यावर कागदाची उंच टोपी, तिच्यावर त्याची पापं लिहिलेली. ओट्यासमोर येताच तो आपणहून खाली बसला.

“ऊठ,” च्याशू म्हणाला.

फानला वाटलं, आपलं काही चुकलं. त्यानं कपाळ आणखी खाली नेलं.

“ऊठ म्हणतो ना! उठवा रे त्याला. आणि ती टोपी काढा.”

दोघांनी धरून त्याला उभं केलं. लोकांत कुजबुज झाली.

“माझा भाऊ कुठे आहे?” च्याशूनं विचारलं. “उभा राहून सांग.”

जमिनीकडे बघत बोलणं फानला सोपं गेलं असतं. आता त्याला तोंड कुठे लपवावं कळेना.

“तो... तो लढाईपर्यंत पोचलाच नाही,” तो म्हणाला. “वाटेतच तापानं गेला. त्याच वर्षी. मला निरोप आला होता.”

“मग?”

“तुझ्या बापाला सांगायचं... राहून गेलं.”



राहून गेलं! बाप मरेपर्यंत रोज संध्याकाळी भट्टी विझवून गावाच्या वेशीवर जाऊन बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, वारा घेतो जरा.

“ठेचा त्याला!” मागून कुणीतरी ओरडलं. लगेच सगळीकडून तोच आवाज उठला. कुदळी वर गेल्या. फाननं डोळे मिटले.

च्याशूला काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प राहिला असता तरी पुरे होतं. त्याच्या दातांवर दात बसले होते, डोळ्यांपुढे वेशीवरचा तो म्हातारा होता...

त्यानं हात वर केला.

“मारायचं नाही,” तो म्हणाला. “याला तालुक्याच्या कोठडीत पाठवू. याचं कोठार उघडून धान्य वाटू. हा निवाडा झाला.”

कुदळी खाली आल्या.

संध्याकाळी तो पुन्हा टेकडी चढला. रडून झालं होतं ते वाटेतच. मठाच्या दारात बसून त्यानं गुरुजींना सगळं सांगितलं. भावाचं सांगताना शब्द अडले, तेव्हा गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

मग त्यांनी त्याच्या हातात गरम चहाचा वाडगा दिला. दोन घोट पोटात गेल्यावर च्याशूचा चेहरा जरा उजळला.

“पण आज मी जिंकलो, गुरुजी,” तो म्हणाला. “स्वतःलाच जिंकलं. सगळं गाव पेटलं होतं. मी नुसता हात वर केला, आणि सगळे शांत. एकही माणूस विरुद्ध बोलला नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“तांगआजी?”

“ती... रडत होती. पण बोलली नाही काही.”

गुरुजींनी शेगडीतले निखारे जरा हलवले.

“तू कुठे उभा होतास?”

“ओट्यावर.”

“आणि गाव?”

“खाली. अंगणात.”

खाली गावात एकेका घरातून चुलींचा धूर वर चढत होता.

“मग सभा अजून व्हायचीच आहे, पोरा,” गुरुजी म्हणाले.