काळी चारचा तंबोरा

"…मग बाबा, बारा वर्षांच्या पोराला द्यावं तरी काय?"

मौलाबाबा एका भोपळ्याखालचं गवत बदलत होते.

थंडीतली दुपार कलली होती. नदीवरून धुकट ऊन येत होतं आणि मळाभर भोपळे पेंगत पडले होते. हे भोपळे भाजीचे नव्हेत. वाळले की यांचे तंबोरे होतात, सतारी होतात. बाबांनी चाळीस वर्षं वाद्यं घडवली, मग एके दिवशी रंधे-पटाश्या शिष्यांना वाटून टाकल्या आणि इथं नदीकाठी झोपडी बांधून राहिले. लोक त्यांना फकीर म्हणत. बाबा स्वतःला माळी म्हणत.

आदम हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, त्याचं त्यालाच पाठ होतं.

"येत्या शुक्रवारी आमच्या यासीनला बारा पुरी होतात," आदम म्हणाला. "बॅट बघितली, तर दुकानदार विचारतो, लहान देऊ की मोठी? मला सांगता येईना. खेळणी बघितली तर वाटलं, पोरगं हसेल मला. घड्याळ बघितलं तर वाटलं, एवढ्यात कशाला. हे वयच अवघड, बाबा. धड ना लहान, धड ना मोठं."

"हं," बाबा म्हणाले, आणि पुढच्या भोपळ्याकडे सरकले.

खरं तर आदम विचारायला आलाच नव्हता. सल्ला मागणारा माणूस निर्णय बहुधा घरी ठेवून येत नाही, काखेत मारूनच आणतो. आदमने तो गोधडीत गुंडाळून आणला होता.

"म्हणून शेवटी मीच केला," असं म्हणून त्याने गोधडी उलगडली.

आत तंबोरा होता. नेहमीपेक्षा बेताचा, नाजूक गळ्याचा. भोपळ्याला मधाचा रंग, कडेने बारीक पानांची वेल. मौलाबाबांचे हात थांबले.

"किती दिवस लागले?"

"सात महिने. रोज गिऱ्हाइकांचं काम उरकलं की संध्याकाळी हा घेऊन बसायचो."

"कुठला सूर?"

आदमची छाती थोडी पुढे आली. या प्रश्नाचीच तो वाट बघत होता. शिंप्याने अंगाचं माप घ्यावं तसं तंबोरा करणारा गळ्याचं माप घेतो. आधी गवयाचा सूर ठरतो, मग दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर, तारांची जाडी. एकदा बेतलं की बेतलं.

"काळी चार," आदम म्हणाला. "चांगली उंच पट्टी. पेटी न धरता सांगतो. मागच्या उरुसात पोरगं गायलं तेव्हा मी डोळे मिटून माप घेतलं होतं. दर्ग्यात पाचशे माणूस होतं बाबा, एक खोकला नाही. आपण तीन पिढ्या दुसऱ्यांच्या गाण्यासाठी लाकूड तासतोय. मैफलीत आपली जागा चपलांपाशी. आणि या पोराच्या गळ्यात…"

त्याने तंबोऱ्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"मग गातोय ना?" बाबांनी विचारलं.

"तेच तर." आदम बांधावर बसला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "दोन महिने झाले, तोंड उघडत नाही. माझ्याशी बोलणं म्हणजे हो, नाही, जेवलो. मी घरात आलो की तो गच्चीवर. मला वाटतं बाबा, पोरगं माझ्या हातातून चाललंय. म्हटलं, हा तंबोरा बघितला की परत येईल."

"घसा कसा आहे त्याचा?"

"सर्दी आहे. जाता जात नाही. आवाज खरखरतोय, मध्येच चिरकतो. ज्येष्ठमध झालं, आलं झालं, रोज काढा देतोय."

"दोन महिने?"

"दोन महिने."

बाबा हसले नाहीत. त्यांनी मातीचे हात धोतराला पुसले, तंबोरा उभा केला, खांद्याला टेकवला आणि तारांवरून बोट फिरवलं.

सूर उठला आणि मळ्यावरून हळूहळू पसरत गेला. भोपळ्यांवरून, नदीवरून, पलीकडच्या धुक्यात. थोड्या वेळाने तो तंबोऱ्यातून येतोय की नदीतून, ते आदमला कळेना. वेलींवरची पानं हलायची थांबल्यासारखी वाटली. बाबांचे डोळे मिटले होते. आदमचेही मिटले. त्याला उरुसातला यासीन दिसला, हिरवी टोपी, कानावर हात, आणि तो आवाज, ज्याला कुठं कडाच नव्हती.

"फार सुरेख झालाय," बाबा म्हणाले. "मलाही असा जमला नाही."

चोवीस वर्षांत हे वाक्य आदमने पहिल्यांदा ऐकलं.

"आता गा," बाबा म्हणाले.

"कोण? मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

"बाबा, मी वाद्य करणारा माणूस…"

"षड्ज लाव. एवढाच."

तारा वाजतच होत्या. आदमने घसा साफ केला आणि सा लावला. खालून लावला, तर सुराच्या खालीच राहिला. वर चढवला, मान ताणली, गळ्याच्या शिरा फुगल्या… आणि आवाज मध्येच चिरकून दोन तुकडे झाला. काठावरचे दोन बगळे उठून पलीकडे गेले.

आदम शरमला. खाली बघत खोकल्यासारखं करू लागला.

बाबांनी तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या.

"काढा देऊ?" त्यांनी विचारलं.

…

पाणी काठाला लागत होतं, तेवढाच आवाज.

भोपळ्यावर टिचकी मारली की त्याची साल किती जाडीची, ते सांगणारा हा माणूस. बाजारात त्याच्या कानाची शपथ घेतात. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराचा आवाज बदलायला लागला, तर याने आल्याचा काढा उकळला. बायको दोनदा म्हणाली होती, अहो, सर्दी नाही वाटत ही. याने तिलाच सांगितलं, कान कुणाचा आहे, तुझा की माझा?

"म्हणजे बाबा…" आदम म्हणाला, "तो आवाज…"

"हं."

"परत कधी येईल?"

"तो? तो नाही येत."

"मग कुठला येईल?"

"मला काय ठाऊक. त्यालाही ठाऊक नाही."

आदमने तंबोऱ्याकडे बघितलं. एकाएकी त्याला आपल्या घरातल्या संध्याकाळी दिसू लागल्या. खाली ओट्यावर तो बसलेला, तारा काळी चारला चढवून पुन्हा पुन्हा छेडून बघणारा, जरा कमी वाटली तर खुंटी पिळणारा, स्वतःशीच मान डोलवणारा. आणि मागून जिना चढून जाणारी ती पावलं. रोज. सात महिन्यांतले शेवटचे दोन महिने रोज त्याने पोराला ऐकवलं होतं, की बापाला काय हवंय. आणि पोराकडून ते रोज थोडं थोडं जात होतं.

"त्याला वाटत असेल…" आदम म्हणाला आणि थांबला.

"सांग की."

"त्याला वाटत असेल, हा आवाज गेला म्हणजे बापाकडचं आपलं सगळंच गेलं."

हे बोलून झाल्यावर आदमला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

बाबांनी त्याला रडू दिलं. ऊन आणखी पिवळं झालं. नदीवरचं धुकं हळूच मळ्यात शिरलं आणि लांबचे भोपळे दिसेनासे झाले.

"तुला आणून सोडलं माझ्याकडे, तेव्हा तू केवढा होतास?" बाबांनी विचारलं.

"एवढाच. बारा पुरी झाली होती."

"अब्बांनी काय दिलं तुला त्या दिवशी?"

"रंधा. नवा कोरा. अजून आहे माझ्याकडे."

"तुला काय हवं होतं?"

आदमने खूप आठवून बघितलं. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"ते तुमच्या दारातून निघाले," तो म्हणाला, "आणि गल्लीच्या टोकापर्यंत सरळ चालत गेले. मी रंधा हातात घेऊन उभा होतो. त्यांनी एकदा मागं वळून बघावं, एवढंच वाटत होतं."

"बघितलं?"

"नाही."

बाबांनी तंबोरा त्याच्या मांडीवर ठेवला.

"तारा उतरव," ते म्हणाले.

आदमला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सगळ्या. उतरव."

आदमची बोटं खुंटीवर गेली आणि तिथंच राहिली. इतकी वर्षं त्याने तारा चढवल्या होत्या. एकेका केसाएवढं अंतर पकडायला रात्र रात्र जागला होता. लागलेला तंबोरा उतरवायचा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर ओढायची. पण गुरूने सांगितलं होतं.

त्याने पहिली खुंटी सैल केली. तार कण्हली, खाली खाली गेली आणि गप्प झाली. मग जोडीच्या दोन. मग खर्जाची. प्रत्येक तार जाताना थोडा वेळ हवेत काहीतरी रेंगाळायचं, मग तेही धुक्यात जायचं. शेवटी चारही तारा दांडीवर सैल पडल्या. आदमने बोट फिरवून बघितलं. नुसता पत्र्यासारखा आवाज आला.

गंमत अशी, की त्याला वाईट वाटायला हवं होतं आणि छाती मात्र हलकी झाली होती.

"हा दे त्याला," बाबा म्हणाले.

"असाच?"

"असाच."

"बाबा, पण नंतर याचा उपयोग नाही. दांडीची लांबीच त्या सुराची आहे. उद्या त्याचा आवाज खाली पांढरी एकला जाऊन बसला, तर त्या सुरात हा नुसता घोरेल. वाजणार नाही."

"नाही वाजणार."

"मग दुसरा करू का? मोठा? थांबतो मी वर्षभर. आवाज ठरू दे, मग माप घेतो आणि…"

बाबांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. आदमचं वाक्य आपोआप संपलं. तो जरासा हसला, स्वतःलाच.

त्याने तंबोरा पुन्हा गोधडीत गुंडाळला. या खेपेला गाठी मारायला वेळ लागला नाही. सैल वाद्य सांभाळून न्यावं लागत नाही. बाबांच्या पायांना हात लावून तो बांधावर चढला. दहा पावलं गेला, आणि धुक्यात उभा राहिला.

बाबा पाठमोरे होते. पुन्हा एका भोपळ्यापाशी वाकून गवत सारखं करत होते.

"बाबा," आदमने हाक मारली. "त्याला गायचंच नसलं तर? कधीच? मग सात महिन्यांच्या या तंबोऱ्याचं तो करेल तरी काय?"

मौलाबाबांनी भोपळा हलकेच फिरवून उन्हाकडे केला.

"काय करेल… नदीत डुंबून आला की ओली चड्डी वाळत घालील त्याच्यावर."