भिवराबाईचा ओटा

“एका दाढेला रुपया घे, नाहीतर पक्कड खाली ठेव,” पाटील तिसऱ्यांदा मिटल्या तोंडानं गुरगुरले, आणि ओट्यावर उभी असलेली भिवराबाई सोनारीण तिसऱ्यांदा म्हणाली की यातलं एकही होणार नाही. ही गोष्ट आपल्या पणजीच्या पणजीला दुधाचे दात होते तेव्हाची. कारिवण्याला तेव्हा धड रस्ता नव्हता, पण भांडण ऐकायला अख्खं गाव जमलं होतं.

ओट्याच्या पायरीवर ठमी बसली होती. ठाकरवाडीची, मोळ्या विकणारी. दाढ सुजून तिचा जबडा असा आवळला होता की सात दिवस पेजेच्या घोटापलीकडे पोटात काही गेलं नव्हतं. अंगावरचं दूध आटत चाललं होतं आणि मांडीवरची तान्ही रडून रडून थकली होती. पेठेतल्या दातवैद्यानं ठमीला दारातूनच परतवून लावलं. तो एका दाढेचा रुपया घ्यायचा, आणि ठमीनं रुपया उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. म्हणून ती डोंगर उतरून इथं आली. इथं नाही म्हणाले तर पुढं कुठं जायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

भिवराबाईला कोणी शिकवलं नव्हतं. नवरा गेला, त्याची दागिने घडवायची पक्कड मागं राहिली. तिनं आधी स्वतःची दाढ उपटली, मग शेजारणीची, आणि मग गावोगावची माणसं ओट्यावर येऊ लागली. तिनं कोणाकडून कवडी घेतली नाही. असं म्हणतात, तिच्या पकडीचा आवाज ऐकला की किडका दात आपणहून हलायला लागायचा. असंही म्हणतात की एकदा एक बिबट्या वेशीबाहेर जबडा उघडून बसला, आणि ती पदर खोचून गेली नि काम करून आली. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी बिबट्याला विचारावं.

तर पेठेतल्या वैद्याचं गिऱ्हाईक तुटलं. तो पडला पाटलांचा मेहुणा. त्यानं बहिणीचे कान भरले, बहिणीनं नवऱ्याचे, आणि पाटील गालावरून उपरणं गुंडाळून भांडायला आले. थंडी नव्हती, तरी उपरणं होतं. ते कशासाठी, हे गावात एकाच बाईनं ओळखलं.

मग भिवराबाई सुटली. तिनं आधी पाटलांच्या मिशांना नावं ठेवली, मग घोड्याला ठेवली. पाटील ओठ न हलवता दटावत राहिले. ती एक पायरी खाली आली आणि म्हणाली, “तुमच्या सासुरवाडीची आमटी आणि आमच्या म्हशीचं आंबोण, यात म्हशीनं आंबोण निवडलं होतं, पाटील.”

पाटलांनी आ वासला. शिवी घशातून निघाली खरी, पण भिवराबाईच्या पकडीतून दाढ आधी बाहेर आली. असं म्हणतात, त्या आरोळीनं देवळावरची कबुतरं उडाली ती तीन दिवस परतली नाहीत. दुखरा जबडा माणूस औषधाला उघडत नाही, पण भांडायला उघडतो, आणि भिवराबाई इतका वेळ भांडत नव्हती, कामाला लागली होती. ते बघून ठमीला हसू फुटलं, आणि सात दिवस मिटलेलं तिचं तोंड दोन बोटं उघडलं.

पाटलांनी चूळ भरली. उपरणं सोडलं. सगळ्यांदेखत फुकटचं घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, काय द्यायचं? ती रुपया म्हणाली असती तर उद्यापासून ठमीसारख्यांना तो ओटा बंद. काही नको म्हणाली असती तर पाटलांची मान खाली, आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून.

आजही संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी, तिळाचे लाडू सगळ्यांना चावता यावेत म्हणून, त्या ओट्यावर तालुक्याचे डॉक्टर येऊन बसतात. त्या दिवशी कोणी पैसे देत नाही, कोणी घेत नाही. फक्त ज्याचा दात निघाला त्यानं तोंडात कापूस धरून पुढच्याचं मूल सांभाळायचं. मूल नसेल तर पिशवी, काठी, पागोटं, जे असेल ते. मोटारीतून येणारेही सांभाळतात. नव्या डॉक्टरांना हसू येतं, मग तेही शिकतात. ठमीचं दूध परत आलं आणि ती तान्ही पुढं नव्वद वर्षं सगळ्या दातांनी ऊस खात जगली, असं म्हणतात.

ही रीत पडली, कारण त्या दिवशी भिवराबाईनं पक्कड धुतली, ठमीच्या मांडीवरचं मूल उचललं आणि पाटलांपुढं धरून म्हणाली, “मोल द्यायचंच असेल, पाटील, तर हिला धरा, मला हिच्या आईची दाढ काढायची आहे.”