ठेंगणगडाचे छत

एका राज्यात काय घडले, ते माझ्याइतके खरे दुसरे कोणी सांगणार नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते सारे मेले, आणि मी तर तिकडे गेलोच नाही. आता ऐका.

त्या राज्याची राजधानी ठेंगणगड. डोंगराच्या पोटात कोरलेली नगरी; सात मजले, हजार भट्ट्या, आणि वस्ती सगळी बुटक्यांची. पाच वितींचा गडी म्हणजे तिथला पहिलवान! पण ताठा असा, की तुमच्या पाटलानेही शिकवणी लावावी. नमस्कार करायचा तो हनुवटी वर करून. मान लववणे हे पाप. "आधीच जमिनीजवळ आहोत, आणखी कशाला वाकायचे?" हे पाळण्यातच शिकवीत. हातातली सुई पडली तर लांब चिमट्याने उचलीत, पण वाकत नसत.

आणि त्या नगरीचे छत रोज एक बोट खाली येत होते.

बुटक्यांनी काय केले? शहाणी माणसे करतात तेच. छत खाली आले, की लांब दांड्याच्या कुदळीने, ताठ उभे राहून, जमीन खोदायची. खोदता खोदता वाडवडिलांची हाडे लागली. ती कोपऱ्यात लोटली आणि पुन्हा कुदळी उचलल्या. रोज कुठल्या ना कुठल्या घरातून रडे ऐकू येई, आणि त्याच्यावर कुदळींचा आवाज.

तासूबाई ही तिथली पाथरवटीण. तिचा नवरा कोंडाजी भिंतीतल्या कोनाड्यात निजला असता कातळ त्याच्या गुडघ्यांवर बसला. ओढावे तर निघेना. खाली खोदावे तर भट्टीचे धुराडे. छातीवर चार बोटे जागा उरली होती. तासूने बोटे लावून मोजली. पुन्हा मोजली. पुन्हा मोजली.

"चारच आहेत," कोंडाजी म्हणाला. "मोजून वाढत असती, तर मीच मोजली नसती का?"

इतक्यात फटीतून एक पाकोळी आत आली आणि बोलू लागली.

"बाई, हा शाप आहे. शंभर वर्षांमागे ताडमाड नावाचा मांत्रिक तुमच्या राजाकडे पाहुणा आला. दरबाराच्या चौकटीवर त्याचे कपाळ फुटले. राजा हसला. दरबार हसला. तो रक्त पुसत निघून गेला. शिखरावर बसला आहे. जा, विचार त्याला."

तासू शिखरावर गेली. ताडमाड बसला होता. बसूनही त्याचे डोके ढगात.

"शाप मागे घ्या," तासू म्हणाली.

"तीन कामे कर. डोंगराच्या मुळाशी झरा आहे, त्याचे पाणी आण. वृद्ध नागाचा मणी आण. तिसरे मग सांगेन."

झरा एका ठेंगण्या शिळेखाली वाहत होता. वाकून ओंजळ भरली असती तर क्षणाचे काम. तासूने छिन्नी काढली आणि शिळा फोडत बसली. पाणी मिळाले, पण दिवस गेला. कोंडाजीच्या छातीवर तीन बोटे उरली.

नागाचे बीळ त्याहून ठेंगणे. आतून आवाज आला, "मान लववून ये." तासू उताणी पडली आणि पाठीवर सरपटत आत गेली.

"हे नमन नव्हे," नाग म्हणाला.

"पण आत आले ना?"

"आलीस. मणी घे. ही चलाखीची किंमत." आणि त्याने तिच्या करंगळीला दंश केला. करंगळी काळी पडली. तासूने ती दगडावर ठेवली, छिन्नी लावली, घाव घातला आणि चिंधी बांधून चालू लागली. कोंडाजीच्या छातीवर दोन बोटे उरली.

ताडमाडने पाणी पाहिले, मणी पाहिला आणि दोन्ही दरीत फेकले.

"मला यांचे काय करायचे? दोनदा तुला वाकायची संधी दिली. करंगळी गेली तरी तू वाकली नाहीस. आता तिसरे. जिथे माझे कपाळ फुटले, त्या चौकटीपुढे तुमच्या राजमुकुटाखालचे मस्तक लवू दे. डोंगर उठेल."

तासू धावत दरबारात आली तेव्हा कोंडाजीच्या छातीवर एकच बोट उरले होते. राजा धोंडभूप खड्ड्यात सिंहासन ठेवून बसला होता. छत मुकुटाला घासत होते.

"महाराज, मान लववा. नगरी वाचेल."

"आमची? सात पिढ्यांत लवली नाही ती?"

"माझा नवरा चिरडला जाईल, महाराज."

"खोदा म्हणावे अजून."

"कुठवर? खाली आता हाडेसुद्धा उरली नाहीत."

राजाने विचार केला. धूर्त होता, शहाणा असता तर ही गोष्टच झाली नसती. "असे कर. मुकुट तू घाल. मान तुझी, मुकुट आमचा. काम होईल, अब्रूही राहील." दरबाराने वाहवा केली, हनुवट्या वर करून.

मुकुट मोठा होता. तो तासूच्या नाकावर आला. ती चौकटीपुढे उभी राहिली. मान लववायची कशी, हे तिला ठाऊकच नव्हते. जोर केला तोच मानेतून खडी फुटल्यासारखा आवाज आला. वेदना पाठीतून टाचेपर्यंत गेली. तिच्या कानांत कोंडाजीचा श्वास होता, एका बोटाच्या फटीतला. मान लवली.

डोंगराने उसासा टाकला. छत वर गेले.

"मुकुट दे इकडे," धोंडभूप म्हणाला.

म्हातारा प्रधान मधे आला. "मुकुट ज्याच्या मस्तकी तो राजा, याखेरीज कायदा या नगरीत नाही. आपण स्वहस्ते दिलात. आपण आता कोण, महाराज?"

तासूराणीने पहिली आज्ञा दिली: खड्डे बुजवा, हाडे मातीत ठेवा, आणि ठेवताना वाका. लोक रडत, कण्हत वाकले. धोंडभूपाला फावडे मिळाले.

मग ती मुकुटासकट घरी धावली. कोंडाजी जिवंत होता. कातळाने छाती सोडली होती, पण गुडघ्यांखालचे काही परत दिले नव्हते. लोकांनी त्याला उचलून जमिनीवर बसवले. तो तिच्या कमरेपाशी आला.

"तुमचे पाय गेले हो," तासू हुंदका देत म्हणाली. "मला उशीर झाला."

कोंडाजीने वर पाहिले.

"रडतेस काय तिथून? बोलायचे असेल तर खाली वाक."