मोकळा हात

“हाताला शिकलेलं विसरायला कसं लावायचं, सर?”

इंद्रजितने हे चपला काढता काढताच विचारलं. कागवाडे सरांच्या कोल्हापुरातल्या घरी तो पाच वर्षांनी येत होता.

चित्रकलेच्या पहिल्या वर्षी सरांनी त्याच्याकडून नुसत्या सरळ रेघा काढून घेतल्या होत्या, पट्टीशिवाय. आता तो स्वतःला अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नं आणि नेणीव रंगवणारा, म्हणवत होता. पहिलं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. रोज जाग आल्या आल्या तो डोळे मिटून कागदावर हात सोडून द्यायचा, नेणिवेने स्वतः बोलावं म्हणून. उतरायची ती सुबक, घोटलेली, वर्गातलीच रेघ. सगळी चित्रं खोटी होती आणि ते त्याला कळत होतं.

“माझा हात तुम्ही बिघडवलात.”

“माझ्याकडे बदली हात नाही रे,” सर म्हणाले.

काकू चहा ठेवून गेल्या. इंद्रजितने कपाला हातही लावला नाही. मन हुकूम सोडतं तोवर चित्र गुलामच राहतं, असं तो तावातावाने सांगत होता. ज्या दिवशी हात मनाचं ऐकणं थांबवेल, त्या दिवशी कला सुरू होईल.



मग सरांनी अंगावरच्या शालीतून उजवा हात बाहेर काढला. पेन्सिल मागितली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि इंद्रजितच्याच वहीत काढायला लागले.

बराच वेळ गेला. सरांच्या कपाळावर घाम आला.

इंद्रजितने वही ओढून घेतली. रेघ फुटत होती, थरथरत होती, मध्येच कागदाबाहेर पळत होती. एकही आकार ओळखीचा नव्हता.

त्याचे डोळे भरून आले. हेच तर तो शोधत होता. आणि सरांनी हे लपवून ठेवलं, पोरांना मात्र रेघा ओढायला लावल्या, याचा रागही आला.

प्रदर्शनात हेच पहिलं लावणार, असं त्याने सांगून टाकलं.

“किती वर्षांची साधना ही, सर?”

“दीड वर्ष झालं.”

“आणि हे... हे कुठल्या स्वप्नातलं?”

सरांनी हात पुन्हा शालीत घेतला. शाल हलत राहिली.

“समोर तू बसला होतास, इंद्रजित... तुलाच काढत होतो.”