हरणीला कळलेलं इंग्रजी

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर हरणी नावाची म्हातारी घोडी पाण्याच्या पखाली वाहायची. एकदा तिच्याकडे बोट दाखवून साहेब नोकराला म्हणाला, "पुट हर डाउन."

पुट म्हणजे ठेव, डाउन म्हणजे खाली, एवढं हरणीला कळत होतं. ती पिंजऱ्यातल्या पोपटाला म्हणाली, "सुटले रे बाबा! आता माझं ओझं खाली ठेवणार."

पोपटाचा जन्म इंग्रजी ऐकण्यात गेला होता. तो हळूच म्हणाला, "अगं, हे शब्द ओझ्याला लावले, तर खाली ठेवणं. म्हाताऱ्या जनावराला लावले, तर गोळी घालणं. फाटक उघडं आहे, पळ!"

हरणीने फाटकापलीकडचा चढ पाहिला. ती जागची हलली नाही.

"पण आधी पखाली उतरवतील ना?" तिने विचारलं.