केरबाने नमुना पाठवला

एका गावात एक भोळा गडी होता, केरबा. गावाला पाणी बोअरचं. त्यात लोखंड इतकं, की पांढरं धोतर दोन धुण्यांत तांबडं व्हायचं. म्हणून नगरपालिकेने पाणी शुद्ध करायचं केंद्र बांधलं आणि केरबाला तिथे कामाला घेतलं.

बायको गोदा म्हणाली, "साहेब सांगतील तसंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका. ही नोकरी गेली तर मी माहेरी जाईन."

केंद्रावर मुळीक साहेब होते. ते म्हणाले, "जमिनीतलं पाणी वर आलं की या पायऱ्यांवरून खाली सोडायचं. धबाधबा पडलं की हवा लागते. लोखंड सुटतं, वास जातो."

"कळलं," केरबा म्हणाला.

दुपारी साहेबांचा डबा आला. आत सुकटीची चटणी. वास पार फाटकापर्यंत. केरबाने झाकण काढलं आणि डबा वरच्या पायरीवरून सोडला. धबाधबा. चटणी एका पायरीवर, भाकरी दुसरीवर, कांदा थेट हौदात.

"वास गेला, साहेब," केरबा म्हणाला. "चटणीपण गेली."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, आपटायचं ते पाणी. पुढचं ऐक. गढूळ दिसलं की तुरटी घालायची, ढवळायचं आणि गप्प बसू द्यायचं. गाळ खाली बसतो. वरचं निवळ तेवढं घ्यायचं."

"आता कळलं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. साहेबांनी चहा मागवला. केरबाने किटलीत डोकावलं. चहा चांगलाच गढूळ. त्याने तुरटीचा खडा टाकला, ढवळलं आणि किटलीशेजारी गप्प बसून राहिला. दूध फाटून खाली बसलं. वरचं पिवळं पाणी त्याने कपांत ओतलं. एकेक घोट गेला आणि पाहुण्यांची तोंडं बटव्यासारखी आवळली.

"अरे, चहा गाळायचा असतो," साहेब म्हणाले. "आपण पाणीसुद्धा गाळतो. खाली गोटे, वर वाळू. घाण वाळूवर अडकते, चांगलं तेवढं खाली येतं."

"आता कळलं."

संध्याकाळी गोदा म्हणाली, "एवढं पीठ चाळून ठेवा." चाळायचं म्हणजे गाळायचंच, असं धरून केरबाने घमेल्याला भोकं पाडली, गोटे घातले, वाळू पसरली, वर पीठ ओतलं. खाली कणभर आलं नाही.

"गिरणीवाला फसवतो," केरबा म्हणाला. "यात चांगलं पीठ नव्हतंच."

गोदाने बोचकं बांधलं आणि सकाळी तडक साहेबांकडे गेली. "यांना नीट समजावा, नाहीतर ही मी निघाले."

त्याच दिवशी केंद्राचं उद्घाटन होतं. साहेबांनी घाईघाईने केरबाला सांगितलं, "गाळलेल्या पाण्यात क्लोरीन घातलं की जंतू मरतात. आता फक्त नमुना पाठवायचा. नमुना मिळाला की बंद करायचा, गार ठेवायचा आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत धाडायचा. वाटेत काही झालं तरी उघडायचा नाही."

"आता पक्कं कळलं."

तेवढ्यात नगराध्यक्ष आले. जरीचा फेटा, काळा गॉगल, पांढरे बूट. हौदात वाकून म्हणाले, "एवढं पाणी उपसलं तर जमीन हलकी होऊन उडायची नाही ना?"

साहेब तोंड फिरवून पुटपुटले, "काय नमुना आहे."

केरबाचे कान टवकारले. फाटकाशी पाहुण्यांसाठी ताक घेऊन आलेली दुधाची गार गाडी उभी होती.

"अध्यक्षसाहेब, ऊन फार आहे. जरा गारव्याला बसता?"

अध्यक्ष खुशीत गाडीत चढले. केरबाने दार लावलं, कडी घातली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. उघडू नको. आतून बोलेल, लक्ष देऊ नको."

गाडी गेली. इकडे फीत तयार, कात्री तयार, लोक ताटकळलेले. शेवटी गोदाला तहान लागली. तिने पुढे होऊन नळ सोडला. काचेसारखं पाणी. ओंजळभर प्याली आणि म्हणाली, "गोड आहे." झालं, सगळं गाव नळावर. गोदाने बोचकं बाजूला ठेवलं आणि तीही कळशी शोधायला धावली.

साहेब मात्र अध्यक्षांना शोधत होते. "केरबा, अध्यक्ष कुठायत?"

"नमुना धाडला, साहेब. आतून दार बडवत होता. पण मी उघडलं नाही."

साहेब फाटकापर्यंत धावले आणि रिकामा रस्ता बघून परत आले. म्हणाले, "केरबा, त्यांच्यापेक्षा मोठा नमुना तू आहेस."

केरबाला वाईट वाटलं.

"हे आधी सांगायचं, साहेब," तो म्हणाला. "एकाच गाडीत दोघं गेलो असतो."