भरभरून शाई देणारा रूळ

खूप वर्षांपूर्वी कागदी पिशव्या छापणाऱ्या एका यंत्रात शाईचा रूळ आणि रबरी ठसा शेजारी राहत. एकदा मालकीण कुमुदिनीताईंनी उग्र वासाची जुनी शाई बंद करून पाण्यात कालवलेली नवी शाई आणली. ती थोडीशीच पुरे. रूळ मात्र पूर्वीसारखाच निथळत येई.

“अहो रूळदादा, किती वेळा सांगू? कमी घ्या! माझी अक्षरं बुजतात,” ठसा वैतागून म्हणाला.

“हात आखडणं आमच्या रक्तात नाही,” म्हणत रूळ पुन्हा शाईत बुडाला.

संध्याकाळी कुमुदिनीताईंनी पिशवी उचलून पाहिली. ‘कागद वाचवा’ या शब्दांच्या जागी नुसता हिरवा डाग होता. कपाळाला हात लावून त्यांनी पिशव्यांचा सगळा ढीग रद्दीत टाकला.

रूळ हळहळला. “बघ ठशा, मला वाटतच होतं. शाई कमी पडली!”